मामाच्या तळ्यातला जिताडा

होस्टेलवर 'सगळ्यात भारी मासा कुठला' हा वाद एकदा सुरू झाला की मेसचे दिवे जाईपर्यंत संपत नाही. शिरोळचा गडी मरळ सोडून काही ऐकत नाही, मालवणचा सुरमईवरून खाली उतरत नाही, आणि सांगलीचा एकजण दर वेळी म्हणतो, "भावांनो, मटणाचं बघा की राव!" अशा वेळी मी 'जिताडा' म्हटलं की सगळे माझ्याकडे असं बघतात, जणू मी एखाद्या डोंगराचं नाव घेतलंय. कोल्हापुरात समुद्राचा मासा मिळत नाही असं नाही. रत्नागिरीहून आंबा घाट चढून, बर्फात बसून तो येतोच. पण जिताडा इथल्या बाजारात मला तरी कधी दिसलेला नाही. म्हणून हा लेख. (संपादक मंडळातला एक मित्र माझाच रूम पार्टनर आहे, हे दुसरं कारण!)

माझं आजोळ अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठावर. तिकडे याला जिताडा म्हणतात, काहीजण खजुरा म्हणतात. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गेला की तो चोणक होतो, बंगालमध्ये भेटकी, तामिळनाडूत कोडुवा आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. एकाच माणसाची रेशनकार्डावर, आधारवर आणि मार्कशीटवर वेगवेगळी नावं असावीत तसला प्रकार. शास्त्रीय नाव मात्र एकच, लॅटेस कॅल्कॅरिफर. ब्लॉख नावाच्या जर्मन डॉक्टरानं १७९० मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. चंदेरी अंग, डोक्यामागे जरा खोलगट पाठ, भलं मोठं तोंड. रात्री तळ्यावर बॅटरी मारली की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. पुरता वाढला तर लांबी दोन मीटरपर्यंत आणि वजन ६० किलोपर्यंत जातं, म्हणजे माझ्यापेक्षा चार किलो जास्त.

आजोळच्या गावात घरामागं तळं असणं ही जुनी रीत आहे. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीबरोबर जिताड्याची बोटाएवढी पिल्लं खाडीतून वर चढतात, भातखाचरांत आणि नाल्यांत शिरतात. ती पकडून आणायची, तळ्यात सोडायची आणि विसरून जायचं. चिलापी, कोळंबी, जे काही तळ्यात असेल ते खाऊन ती वाढतात. दीड-दोन वर्षांनी जावई आला, पाहुणे आले की पाग टाकायचा. आजोबांच्या काळात याला कुणी 'मत्स्यशेती' म्हणत नव्हतं. बियाणं खाडीचं, खाणं तळ्याचं, आपलं फक्त तळं!

मामाला मात्र ही शेती म्हणूनच करावी लागली. कारण त्याची खरी शेती बुडाली.

त्या भागातली जमीन 'खार' म्हणतात तसली. समुद्राला मागं सारून, मातीचे बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली. बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला बंद करून खारं पाणी बाहेर ठेवायचं. एका उधाणाला बांधाला खांड गेली आणि भरतीचं पाणी मामाच्या शेतात येऊन बसलं. खांड बुजेपर्यंत दोन पावसाळे गेले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं 'पनवेल' नावाच्या भाताच्या जाती काढल्या आहेत, त्या थोडा खारटपणा सोसतात. पण रोज दोन वेळा भरती आत येत असेल तर कुठलं भात तग धरणार? शिवाय असल्या शेतात दोन-तीन वर्षांत खारफुटी उगवायला लागते, आणि २००५ पासून हायकोर्टाच्या आदेशानं ती तोडता येत नाही. आदेश योग्यच आहे, किनारा त्यानंच वाचतो. पण शेतकऱ्याला मात्र आपल्याच सातबाऱ्यावर पाहुण्यासारखं उभं राहावं लागतं.

त्यात जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि जमिनीच्या एजंटांच्या फेऱ्या वाढल्या. मामीचं मत स्पष्ट होतं, "विका न मोकले व्हा." पोरीची फी, घराचं कर्ज, सगळं तिच्या डोक्यात मांडलेलं. मामा नुसता गप्प बसायचा. शेवटी त्यानं खारफुटी नसलेल्या वीस गुंठ्यांत तळं खोदलं आणि जिताड्याची बोटुकली मागवली. मामीनं त्याला दोन वर्षांची मुदत दिली. आमच्या घरात मामीनं मुदत दिली म्हणजे ती फायनल, तिथं एक्स्टेन्शन मिळत नाही.

इथून माझा संबंध आला. मामाला वाटलं, भाचा इंजिनियर होतोय म्हणजे त्याला सगळं येतं! मी इलेक्ट्रॉनिक्सचा, माशाचं काय कळतं मला? शाळा कॉन्व्हेंट, बायोलॉजी दहावीपर्यंत, तेही सगळं इंग्रजीतून. पण वाचायला बसलो आणि अडकलो. कारण या माशाचं आयुष्य म्हणजे एक सर्किटच आहे, आणि कुठली तार कुठं जाते ते कळल्याशिवाय तो पाळता येत नाही.

जिताडा वाढतो कुठंही. खाडीत, नदीत, अगदी गोड्या पाण्याच्या तळ्यातसुद्धा. खाऱ्या पाण्यात मासा सतत पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्यात उलटं, पाणी जवळजवळ प्यायचंच नाही, उलट पातळ लघवीवाटे बाहेर काढायचं. जिताडा या दोन मोडमध्ये आरामात स्विच होतो. पण अंडी घालायला त्याला खारंच पाणी लागतं. वयात आलेले मासे नदी-खाडीतून खाली उतरून खाडीच्या मुखाशी जमतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, रात्री, भरती चढत असताना अंडी टाकली जातात. एक मोठी मादी लाखोंनी अंडी देते. अंडं एक मिलिमीटरपेक्षाही लहान, खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि एका दिवसाच्या आत फुटतं. भरती त्या पिल्लांना आत, खारफुटीकडे ढकलते. म्हणजे आजोबांच्या तळ्यात येणारं फुकटचं बियाणं मुळात चंद्राच्या टाइमटेबलवर चाललं होतं.

आता खरी गंमत. बहुतेक जिताडे आधी नर असतात. तीन-चार वर्षांचे झाले की नर म्हणून वयात येतात, एक-दोन हंगाम तसे काढतात आणि साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात मादी होतात. इंग्रजीत याला 'प्रोटँड्रस हर्मॅफ्रोडाइट' म्हणतात. हा शब्द मी पेपरात बिनचूक लिहीन, पण मामाला मराठीत कसा सांगायचा? दहा मिनिटं हातवारे करून समजावलं. मामानं शांतपणे विडी विझवली आणि विचारलं, "म्हंजे आधी बापूस न मंग आयस?"

एवढं सोपं होतं!

पण या सोप्या वाक्यात सगळ्या धंद्याची अडचण आहे. आपण खातो तो जिताडा एक-दोन वर्षांचा, किलो-दीड किलोचा. म्हणजे तो वयातच आलेला नसतो. शेतकऱ्याच्या तळ्यात मादी तयार होईपर्यंत कोण थांबणार? बियाणं हवं तर कुणीतरी सहा-आठ वर्षं मासे जपायला हवेत, त्यांना खारं पाणी द्यायला हवं. म्हणूनच हॅचरी हे येरागबाळ्याचं काम नाही. थायलंडमध्ये सत्तरच्या दशकात हे जमलं. आपल्याकडे चेन्नईच्या सीआयबीए या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेनं १९९७ मध्ये जमवलं. तिथं मादीच्या पोटातून बारीक नळीनं अंड्यांचा नमुना काढून बघतात, अंडी पुरेशी मोठी झाली असली तर हार्मोनचं इंजेक्शन देतात, आणि साधारण दीड दिवसात टाकीतच अंडी मिळतात. चंद्राचं काम इंजेक्शननं! पिल्लाचं तोंड उघडलं की त्याला रोटिफर नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव खायला घालतात, मग आर्टेमिया, मग हळूहळू कारखान्यातलं खाद्य. म्हणजे एक मासा पाळायचा तर आधी रोटिफर पाळा, रोटिफरसाठी शेवाळ पाळा. आमच्या सबमिशनसारखंच, एका जर्नलसाठी दुसरं जर्नल आधी पूर्ण पाहिजे.

मामाची दोन हजार बोटुकली ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून, थर्मोकोलच्या खोक्यांत आली. गणपतीच्या सुट्टीत मी तिथंच होतो. पहिल्या दिवशी वाटलं, काय गोंडस आहेत! तिसऱ्या दिवशी एकाच्या तोंडातून दुसऱ्याचं शेपूट बाहेर आलेलं पाहिलं. जिताडा आपल्याच भावंडांना खातो, स्वतःच्या लांबीच्या दोन तृतीयांश एवढं भावंड गिळू शकतो. सगळ्यात जास्त धोका पहिल्या दोन महिन्यांत. उपाय एकच, आठ-दहा दिवसांनी सगळ्यांना बाहेर काढून मापाप्रमाणे वेगळं करायचं. आम्ही तळ्यातच बांबूंना बांधून जाळीच्या चार पेट्या केल्या, ज्याला हापा म्हणतात. मोठे एकात, मधले दुसऱ्यात, बारके तिसऱ्यात. चौथा मामीच्या सांगण्यावरून, 'गुंडांसाठी'. गुडघाभर चिखलात वाकून दोन हजार मासे निवडणं म्हणजे काय, ते सांगून कळणार नाही. मामी आधी बांधावर उभी राहून बघायची. दुसऱ्या निवडीला पदर खोचून आत उतरली आणि आम्हा दोघांपेक्षा वेगानं माप ओळखायला लागली. तांदूळ निवडणारे डोळे ते!

(जिताड्याच्या नात्यातला एक मासा आफ्रिकेत आहे, नाईल पर्च. तो १९५० च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवरात सोडला आणि पुढं तिथल्या छोट्या माशांच्या शेकडो जाती संपल्या किंवा संपत आल्या. खानदानच तसलं आहे. जिताडा आपल्या खाडीचाच आहे म्हणून बरं.)

मासे वाढले तसा खाण्याचा प्रश्न आला. बाजारातली बारकी मासळी घातली तर एक किलो जिताड्यासाठी चार ते आठ किलो मासळी लागते. म्हणजे मासा वाढवायला त्याच्या कैक पट मासा समुद्रातून काढायचा, हे मला तरी पटत नाही. तयार गोळ्यांवर दोन किलोच्या आतही भागतं, पण त्यात चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात, म्हणून त्या महाग. मामानं गोळ्या घेतल्या. आणि गोळ्या घातल्या, मासे दाट ठेवले, की हवेचा प्रश्न आलाच.

हा भाग सिव्हिलवाल्यांनी नीट वाचावा. तीस डिग्रीच्या गोड्या पाण्यात ऑक्सिजन विरघळून विरघळणार किती? लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम. समुद्राच्या पाण्यात त्याहून कमी, सव्वासहा वगैरे. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेच शेवाळ माशांबरोबर तो खातं. म्हणून पहाट सगळ्यात वाईट. आपल्या एन्व्हायर्नमेंट लॅबमधल्या असिस्टंट मामांनी मला विंकलरची पद्धत शिकवली. मँगनीज सल्फेट घाला, अल्कली-आयोडाइड घाला, ॲसिड घाला, मग थायोसल्फेटचं टायट्रेशन, स्टार्चचा निळा रंग गेला की थांबा. १८८८ ची पद्धत आहे, पण आजही चालते. ३०० मिलीच्या बाटल्या एस.टी.तून मांडीवर घेऊन गेलो. दुपारी तीनला रीडिंग नऊच्या वर आलं, पहाटे पाचला अडीच. मामा म्हणाला, "म्हंजे राती त्यांचा जीव टांगनीला." बरोबर तेच.

मामानं एरेटर बसवला. पाण्यात फिरणारं चाक असतं, पाणी उडवून हवा मिसळतं. पण वीज गेली की चाक थांबणार. ऑक्सिजन मोजायचा इलेक्ट्रॉनिक प्रोब आमच्या बजेटच्या बाहेर होता. मग मी आणि रूम पार्टनरनं साधा विचार केला. ऑक्सिजन मोजता येत नसेल तर एरेटर चालतोय का एवढंच बघू. त्याच्या वायरवर करंट सेन्सर, पाण्यात तापमानाचा प्रोब, एक जीएसएम मॉड्यूल आणि जुन्या यूपीएसची बॅटरी. दोन मिनिटं करंट शून्य राहिला की तीन नंबरांना फोन. मामा, शेजारचा पोऱ्या आणि मी. मिनी प्रोजेक्ट म्हणून हेच दाखवलं. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "याचं ॲप्लिकेशन काय?" मी म्हटलं, "सर, जिताडा." पुढं बराच वेळ समजवावं लागलं.

गेल्या ऑक्टोबरात दोन दिवस ढग होते, ऊन नाही. ऊन नाही म्हणजे शेवाळाचं उत्पादन नाही, म्हणजे संध्याकाळीच शिल्लक कमी. रात्री दोन चाळीसला होस्टेलवर माझा फोन वाजला. पार्टनरनं उशी फेकून मारली. मामाला लावला तर त्याचा फोन सायलेंटवर. मग मामीला लावला. तिनं त्याला उठवलं आणि स्वतः बॅटरी घेऊन पुढं गेली. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते. मामानं डिझेल इंजिन चालू केलं, तळ्याचंच पाणी पाइपनं उंच उडवून परत तळ्यात पाडलं. वीज सव्वापाचला आली. तोवर मी इथं कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतोय, तिकडून इंजिनाचा आवाज ऐकू येतोय, आणि मामी मध्येच म्हणतेय, "बाला, तू झोप. आमी हाव इथं." सकाळी साठ-पासष्ट मासे मेलेले निघाले. बाकीचे वाचले.

शिमग्यानंतर तळं उपसायला घेतलं. जवळपास तेराशे मासे निघाले, बहुतेक किलोच्या आसपास. गिऱ्हाईक शोधायला जावं लागलं नाही. बांधावरूनच अर्धे गेले, अलिबाग-पोयनाडचे लोक पिशव्या घेऊन उभे. बियाणं, गोळ्या, डिझेल सगळं वजा करून मामीनं वहीत हिशेब मांडला आणि म्हणाली, भाताची चार वर्षं निघाली. एजंटाला तिनं 'नको' म्हटलेलं नाही. 'आता नको' म्हटलंय. माझ्या मते मामाच्या गावात आणखी पाच-दहा जणांनी हे करावं, पण सगळ्यांनी एकदम करू नये. बियाणं बाहेरून येतं, गोळ्या बाहेरून येतात, उद्या दोन्ही महागली तर? सिंधुदुर्गात कांदळवन कक्षाच्या मदतीनं खाडीतच पिंजरे बांधून हा मासा वाढवला, तसा गटानं केलेला प्रयोग मला जास्त बरा वाटतो.

एक गोष्ट राहिली. तळं उपसायच्या दिवसांतच मामानं घरामागच्या जुन्या तळ्यातला गाळ काढला, तेव्हा जाळ्यात एक जुनाच जिताडा आला. खाडीच्या बियाण्यातला, कधी सोडला कुणाला आठवत नाही. वजन साडेनऊ किलो. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ माशाच्या कानातल्या दगडावरची वर्तुळं मोजून वय काढतात, त्यातल्या स्ट्रॉन्शियमवरून तो कधी खाऱ्यात होता आणि कधी गोड्यात तेही सांगतात. पण त्यासाठी मासा मारावा लागतो. अंदाजानं म्हटलं, ही आता मादी असणार. मामानं विचारलं, "मंग इथंच अंडी घालंल?" नाही घालणार. जुन्या तळ्यात पाणी जवळजवळ गोडं. अंड्यांना समुद्राएवढं खारं पाणी लागतं, शिवाय नर पाहिजे.

"खाडीत सोरली तर?"

मी सांगितलं, सुटली तर लाखोंनी अंडी देईल, त्यातली जगतील फार थोडी. आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या जाळ्यात जाणार नाही याची खात्री नाही. अलिबागचा एक हॉटेलवाला तिच्यासाठी दोनदा येऊन गेलाय. मामा म्हणतो, जुलैच्या उधाणाला बघू. मामी म्हणते, साडेनऊ किलोचा मासा उघाडीतून सोडणारा मानूस तिनं अजून पाहिलेला नाही. तोवर ती जुन्या तळ्यातच आहे. परवा मामानं व्हिडिओ कॉलवर दाखवली. अंधारात नुसते दोन डोळे.